कोऱ्या कापडाची होडी

दिवाळी तोंडावर आली की सुरतच्या लिंबायतमधले संचे, म्हणजे माग, बंद पडायला लागतात. एकदम नाही पडत. आधी गल्लीच्या तोंडाचं खातं थांबतं, मग त्याच्या पाठीमागचं, मग नाल्यापलीकडचं. इथं पॉवरलूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. वर्षभर तो खडखडाट कानात इतका मुरलेला असतो की ऐकूच येत नाही. थांबला की मात्र कुणी कानावर चापट मारल्यासारखं होतं. फळीवरच्या ताटल्या वर्षभर बारीक किणकिणत असतात, हेसुद्धा त्या गप्प झाल्यावरच कळतं. मग लोक पेट्या, पिशव्या, पोरं घेऊन भुसावळच्या गाडीकडे धावतात, आणि दिवाळीनंतरच्या लाभपाचमीपर्यंत गल्लीत कुत्री आणि आमच्यासारखे कुठेच न जाणारे तेवढे उरतात. लोकांना ही शांतता गोड लागते. मला सोसत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, सोसत नाही.

यंदा त्या शांततेत कोमल, माझी मुलगी, मोबाइल घेऊन समोर येऊन बसली. ऑफिसातल्या पोरापोरींबरोबर उकाईच्या धरणावर फिरायला गेली होती. फोटोत ती एका नारिंगी रंगाच्या लांबट होडीत बसलेली, अंगात फुगलेलं जाकीट, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, आणि मागे नुसतं पाणीच पाणी.

"पप्पा, जुओ ने! याला कयाक म्हणतात. पहिल्यांदा बसले तर असली डोलत होती ना, मला वाटलं गेलेच."

"कमर ताठ धरली असशील," मी म्हणालो. "कमर ढिली सोडायची. डोकं सरळ. होडीला डोलू द्यायचं, आपण डोलायचं नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला काय खबर? तुम्ही कधी बसलात?"

"टीव्हीवर बघितलं," मी म्हणालो, आणि चहा आहे का म्हणून आत बघितलं. आत शोभा, माझी बायको, पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं होतं.

कमर ढिली सोडायची हे मला रुसीकाकांनी शिकवलं. नानपुऱ्याच्या बाजूला तापीच्या एका ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, ते सकाळी यायचे. म्हातारा पारशी, जन्म बोटीवर सुतारकाम करण्यात गेलेला, पाय गुडघ्यात वाकलेले, जमिनीवर चालताना बघवत नसे. पण एकदा त्या लांबड्या होडीत बसले की हा माणूस वेगळाच व्हायचा. होडी त्यांनीच बांधलेली, लाकडाच्या पट्ट्यांवर तंबूचं जाड कापड ताणून वर रंग दिलेली. पहिल्यांदा मी त्यांना लांबून पाहिलं तेव्हा होडी दिसलीच नाही. एक म्हातारा कमरेइतक्या पाण्यात बसल्या बसल्या सरकत चाललाय, एवढंच दिसलं. माझ्या हातात नारळ होता. तो तापीमायला वाहायला आलो होतो. वाहायचा राहून गेला.

ते साल म्हणजे, प्लेगच्या भीतीनं अख्खं सुरत रिकामं झालं होतं त्याच्या पुढचं. तेव्हा पळालेले लोक परत आले होते, खाती पुन्हा धडधडत होती, रस्ते कधी नव्हे इतके झाडलेले असायचे. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. शोभा लग्न होऊन नुकतीच आली होती. आणि आबा, माझे वडील, खोकत होते. आबांनी वीस वर्षं माझ्याच खात्यात काढली होती. त्याआधी ते शेतकरी होते. नंदुरबारच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर आमचं गाव होतं. ते उकाईच्या धरणात गेलं. आबा त्याचं नाव कधी घेत नसत. 'बुडेल गाव' म्हणायचे, बस.

गाव गेलं, घर गेलं, शेत गेलं, त्याबद्दल आबा कधी रडले नाहीत. सगळ्यांचंच गेलं होतं. त्यांचं दुखणं एका विहिरीचं होतं. चार वर्षं त्यांनी ती एकट्यानं खणली होती. आई टोपल्या वर ओढायची. लोक हसायचे, नदी उशाला असताना हा भोक पाडतोय. चौथ्या उन्हाळ्यात पाणी लागलं. आबा सांगायचे, असं गोड पाणी की गूळ खाऊन त्यावर प्यालं तर गूळ फिका लागावा. एक उन्हाळा ते प्याले. पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं आणि विहीर, ती जशी होती तशी, पाण्याखाली गेली. पाण्यानं भरलेली विहीर पाण्यात बुडाली. हा विनोद आहे की काय, असं आबा विचारायचे.

त्या वर्षी खोकला वाढला तसे ते एकच बोलू लागले. "माले मन्ही विहिरनं पानी पेवानं शे. तठे जाईसन. मंग भले मरू." तिथं जाऊन माझ्या विहिरीचं पाणी प्यायचंय, मग मेलो तरी चालेल.

गाव धरणाच्या ज्या कोपऱ्यात बुडालं होतं तिथं कुणी जात नसे. तिथं मोहाची, सागाची झाडं पाण्यात उभीच्या उभी मेली होती. त्यांचे खुंट कुठे वर आलेले, कुठे वीतभर खाली लपलेले. कोळ्यांच्या जड होड्या त्यात फाटायच्या. आबांनी पूर्वी दोनदा जाऊन हातापाया पडून बघितलं होतं. दोन्ही वेळा कोळ्यांनी नाही म्हणून मान हलवली होती. म्हणून त्या सकाळी ओवाऱ्यावर रुसीकाकांची होडी बघितली, ती वीतभर पाण्यातसुद्धा कशी तरंगते, पायरीच्या कडेला लागूनही कशी अलगद सुटते ते बघितलं, आणि मी नारळ हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

दर सुटीच्या वारी मी ओवाऱ्यावर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी रुसीकाकांनी मला होडीत बसवलं आणि पुढच्याच क्षणी मी पाण्यात होतो. छातीभरच पाणी होतं, पण मी गटांगळ्या खाल्ल्या. मला पोहता येत नाही. तापीकाठी जन्मलो खरा, पण वाढलो संच्यांमध्ये. रुसीकाका पायरीवर बसून हसत होते. "कमर ढीली मूक, दीकरा. पानी जोडे झघडवानुं नहीं. ए तो मोटुं छे, जीती जशे." पाण्याशी भांडायचं नाही, ते मोठं आहे, तेच जिंकणार.

तिसऱ्या-चौथ्या वेळी मला जमलं. कसं जमलं ते नीट सांगता येत नाही. सायकल येते तसं. आधी सगळं अंग भांडत असतं, मग एकाएकी मांड्यांना कळतं. वल्हं मात्र मला लगेच आलं. रुसीकाकांना नवल वाटलं. पण त्यात नवल कसलं? संचे चालवणारा माणूस दिवसभर दोन रांगांच्या मधे उभा राहून कमरेत डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो. वल्ह्यालाही तेच लागतं. हातानं ओढायचंच नसतं, कमरेतून वळायचं असतं. बारा तास मी हेच करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्या वळण्यानं मी जागचा हललो.

आणि ती शांतता. काठापासून पन्नास हात आत गेलं की शहर बंद व्हायचं. मी घाबरून मोठमोठ्यानं बोलायला लागायचो. खात्यात सवयच तशी, ओरडल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. "बराडा शाना पाडे छे?" रुसीकाका काठावरून म्हणायचे. "पानी बहेरुं नथी." ओरडतोस कशाला, पाणी बहिरं नाही. मग मी गप्प व्हायचो, आणि वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू यायचे. खरं सांगतो, तेवढे दोन-तीन महिने मी सुखी होतो. मला वाटायचं, माणसाला सुटायचा रस्ता असतो, फक्त तो जमिनीवर शोधायचा नसतो. आज हे वाक्य लिहिताना मला माझीच कीव येते.

होडी मी गल्लीत बांधली. रुसीकाकांची एका माणसाची होती, मला दोघांची हवी होती. पुढे आबा, मागे मी. बांबू चिरून फासळ्या केल्या, भंगारातल्या संच्याच्या लाकडी पट्ट्या लांबीला लावल्या, वाया गेलेल्या नायलॉनच्या तारेला पीळ देऊन दोऱ्या वळल्या आणि त्यांनी सांधे बांधले. सांगाडा उभा राहिला तेव्हा तो कशासारखा दिसतो हे सगळ्यात आधी आबांनी ओळखलं. "हाऊ त धोटा शे," ते म्हणाले. खरंच, संच्यात आडवी तार ने-आण करणारा धोटा असतो तसाच, दोन्हीकडे निमुळता. गल्लीतले लोक येता-जाता मला, सुकलालला, टोमणे मारायचे, समुद्र आला का म्हणून. "सुका भो, लिंबायतमा दर्या उना का रे?" शोभा लाजून दार लोटून घ्यायची. आबा मात्र बाहेर खाटेवर बसून सगळ्यांना ठणकावून सांगायचे, की मी माझ्या विहिरीवर चाललोय.

आता कापड. रुसीकाका म्हणाले होते, तंबूचं जाड कापड घे. इथं माझा अहंकार आडवा आला. आम्ही अख्ख्या देशाला कापड विणून देतो आणि होडीला कापड विकत आणू? दिवाळीआधी शेठ कामगारांना बोणी, म्हणजे दिवाळीची भेट देतो, कुणाला मिठाई, कुणाला भांडं. मी म्हटलं, शेठ, मला कापडाचा एक अख्खा ताका द्या, मी स्वतः विणलेला. शेठ हसला आणि हो म्हणाला. तो ताका मी जीव ओतून विणला. आठवडाभर त्या एका संच्यासमोरून हललो नाही. एक तार तुटू दिली नाही, एक गाठ दिसू दिली नाही. उतरवला तेव्हा त्यावर टिचकी मारली की कापड पापडासारखं वाजायचं. आबांनी बोटं फिरवली आणि डोळे मिटले. वीस वर्षं कापड हाताळलेला माणूस, म्हणाला, "असं कापड मी बी नही विनं कधी."

सांगाड्यावर दोन थर ताणले, सुईनं शिवले, वरून निळ्या तैलरंगाचे तीन हात दिले. रंग देण्याआधी मी रुसीकाकांना रिक्षातून लिंबायतला आणलं होतं. त्यांनी होडीभोवती काठी टेकत एक चक्कर मारली, फासळ्या दाबून बघितल्या, खूश झाले. मग कापडाला हात लावून विचारलं, "धोयुं के?"

मी हसून म्हणालो, "काका, नवुं छे. कोरुं छे. एने शुं धोवानुं?"

आमच्यात कोरं कापड धूत नाहीत. नवं धोतर, नवं लुगडं, बारशाचं अंगडं, देवापुढचं वस्त्र, सगळं कोरंच लागतं. पाणी लागलं की ते वापरलेलं झालं. रुसीकाका क्षणभर थांबले. मग खांदे उडवून म्हणाले, "तमे वणकर. तमने वधारे खबर." तुम्ही विणणारे, तुम्हाला जास्त माहिती. हे त्यांचं वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल त्याला मोजदाद नाही.

होडी नानपुऱ्याला नेऊन पाव तास पाण्यात फिरवली. थेंब आत आला नाही. संचे बंद झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाकडे निघालेल्या ओळखीच्या ट्रकवर होडी उलटी बांधून आम्ही निघालो. आबा ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मांडीवर पितळेचा तांब्या, त्याच्या गळ्याला लांब सुतळी. विहिरीच्या वर पोचलो की तो खाली सोडायचा आणि खालचं पाणी ओढून घ्यायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. वाटेत त्यांनी नव्या धोतराची घडी मोडली. लग्नाला निघालेल्या माणसासारखे दिसत होते.

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही पाण्यात उतरलो. पाऊस चांगला झाला होता आणि धरण काठोकाठ भरलेलं होतं. ऊन कोवळं, वारा नाही, लांबवर डोंगर. रिकामा प्लास्टिकचा एक कॅन होता, तो तरंगायला म्हणून मी आबांच्या कमरेला बांधला. ते बसले आणि त्यांची पाठ माझ्यासमोर आली. त्यानंतरचं सगळं मी त्या पाठीमागूनच बघितलं.

"त्या दोन टेकड्या दिखतस ना? त्यासना मझार," त्यांनी हात केला. त्या दोन टेकड्यांच्या मधे. वीस-पंचवीस वर्षांनी माणूस पाण्याच्या सपाट पाटीवर बोट ठेवून आपलं घर सांगत होता. इथं मारुतीचा पार, इथं गुरांची वाट, इथून खाली उतरलं की पाटलाची चिंच. मी वल्हवत होतो. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. खुंट दिसायला लागले. काळे, वर पांढरे बगळे बसलेले. होडी त्यांच्यामधून अगदी रुसीकाकांनी शिकवलं तशी निघत होती. मी कमरेतून वळत होतो, डावीकडे, उजवीकडे. मनात म्हणत होतो, सुकलाल, तू हे केलंस.

आधी मला तळव्यांना ओल लागली. वल्ह्यावरून पाणी ओघळतं, ते आत येतंच, म्हणून लक्ष दिलं नाही. मग होडीचं पोट, जे ढोलकीसारखं ताणलेलं होतं, ते पायाखाली मऊ लागलं. पाय खाली जाऊ लागला. मी वाकून कडेला बघितलं तर रंगाचा एक पापुद्रा, हाताच्या पंजाएवढा, सुटून पाण्यावर तरंगत मागे चालला होता. पाठोपाठ दुसरा. निळे, गुळगुळीत तुकडे. आतल्या बाजूला कापडातून दुधासारखं पाणी झिरपत होतं.

ते बघून मला क्षणात कळलं. खळ!

विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या तारांना खळ देतात, नाहीतर त्या संच्याचा मार सोसत नाहीत, पटापट तुटतात. कापड पापडासारखं वाजतं ते खळीमुळे. ती पाण्यात विरघळते. कापड आमच्याकडून उतरलं की मिलमध्ये जातं आणि तिथं पहिलं काम तिला धुऊन काढण्याचं होतं, मगच त्यावर रंग बसतो. हे मला माहीत नव्हतं का? लिंबायतच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. पण आमचं कापड आमच्यासमोर कधी पाण्याला भेटतच नाही. ते आमच्याकडून कोरं जातं आणि दुकानात रंगीत होऊन दिसतं. मधला भाग आम्ही बघितलेला नसतो. जो ताका मी आयुष्यातला सर्वांत चांगला म्हणून विणला, त्याचा सगळा कडकपणा उसना होता. रंग मी कापडाला दिलाच नव्हता, खळीला दिला होता. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगीच नाही.

"आबा, पानी येई ऱ्हायनं," मी म्हणालो.

ते वळले नाहीत. मांडीवरचा तांब्या त्यांनी हातात घेतला आणि पायाजवळचं पाणी भरून बाहेर टाकायला लागले. सुतळी गळ्याशी गुंडाळलेलीच होती. भरायचा, टाकायचा. भरायचा, टाकायचा. मी जोर लावला. दोन टेकड्या जवळ येत होत्या. खरोखर येत होत्या. पाणी घोट्याला लागलं. होडी जड झाली आणि एका खुंटाला घासली, कापड थोडं उसवलं. मी आणखी जोर लावला.

"फिराव रे भो," आबा म्हणाले.

"आबा, थोडंच ऱ्हायनं!"

"तुले पव्हता येस का?"

मी वल्हवतच राहिलो.

"येस नही ना. घरमा सून शे बठेल, तुन्ही वाट दखत. फिराव." आणि हे म्हणत त्यांनी कमरेचा कॅन सोडला आणि पाठीमागे, न बघता, माझ्याकडे सरकवला. त्यांना पोहता यायचं. तरुणपणी पुरातून नदी ओलांडलेले होते. पण खोकणारा साठीचा माणूस तो.

मी होडी फिरवली. परतताना ते तांब्यानं पाणी काढतच होते. एकदाही त्यांनी मागे टेकड्यांकडे बघितलं नाही. तांब्याचं पाणी तोंडालाही लावलं नाही. नाहीतरी ते कुठल्यातरी पाण्यातलं होतं, विहिरीचं नव्हतं. काठापासून थोड्या अंतरावर होडी बसली. आम्ही छातीभर पाण्यातून चालत आलो. काठावर नवं धोतर पिळताना आबा मला म्हणाले, "चांगली चालनी बरं व्हडी." छान चालली होडी. माझी समजूत काढत होते. मला त्याच वेळी मरावंसं वाटलं.

सांगाडा तिथंच टाकला. पुढे कोळी त्याचे बांबू जाळी वाळवायला घेऊन गेले असतील.

गुडघे गेल्यामुळे आता मी संच्यावर उभा राहत नाही. कापड तपासायच्या टेबलावर बसतो. अंगाखालून दिवसभर कोरं कापड सरकत असतं आणि मी त्यातल्या गाठी, तुटलेल्या तारा शोधतो. दोष चटकन दिसतात मला. शेठ म्हणतो, तुझ्यासारखी नजर नाही. मी मान हलवतो. माणूस चूक करतो ती न येणाऱ्या कामात, असं लोक समजतात. नाही. न येणाऱ्या कामात तो भीत भीत पाय टाकतो. वल्हं मला येत नव्हतं, तर ते मी शिकलो, चार वेळा बुडालो, म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. बांबूचं ज्ञान नव्हतं, तर चार जणांना विचारलं. एका कापडाबद्दल मी कुणाला विचारलं नाही. आणि ज्यानं मला विचारलं त्याला हसलो.

लाभपाचमीला संचे सुरू झाले. आबांचा खोकला त्या भिजण्यानं जो वाढला तो उतरला नाही. पुढच्या सुटीत जाऊ, या वेळी तंबूच्या कापडाची करू, असं मी रोज म्हणायचो. ते "हाव" म्हणायचे. रुसीकाकांकडे मी गेलो नाही. काय तोंडानं जाणार? पुढे कधीतरी ओवाऱ्यावर गेलो तेव्हा ते यायचे बंद झाले होते. कुठे गेले, आहेत का, काही कळलं नाही.

शोभा तेव्हा वीसची होती. तिला म्हाताऱ्याचं वाईट वाटायचं. एकदा नळाला पाणी आलं तेव्हा तिनं पेला भरून आबांना दिला आणि म्हणाली, "आबा, आपला नळले पानी तापीनंच शे. धरणमाईनच येस. म्हंजे तुमन्ही विहिरनंच ना?"

आबा हसले. "बेटा, नळनं पानी कोनी खंदेल ऱ्हास का?" नळाचं पाणी कुणी खणलेलं असतं का? मग तिचं मन राखायला म्हणून त्यांनी सगळा पेला पिऊन टाकला.

होळीच्या आधी, भर दुपारी, ते गेले. मी पाळीवर होतो. खात्यात कुणीतरी येऊन माझ्यासमोर तोंड हलवलं. त्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, ओठ वाचावे लागतात. मी ओठ वाचले.

घरी पोचलो तर माणसं जमली होती. बांबू आले होते, मडकं आलं होतं. कुणीतरी बाजारातून कोरं सुती कापड आणलं होतं. मी माळ्यावर चढलो आणि त्या ताक्यातलं उरलेलं कापड काढलं. चारेक हात निघालं. तसंच कडक, तसंच वाजणारं. ते घेऊन मी नळाखाली बसलो आणि धुवायला लागलो.

"आरे, याड लागनं का सुका? मढावरनं कपडं कोनी धुतस का?" शेजारचे एक काका ओरडले. "कोरंच लागस ते!"

मला माहीत होतं कोरं लागतं. हेही माहीत होतं की तासाभरात ते आबांबरोबर जळणार, आणि आगीला खळ असली काय, नसली काय, सारखंच. आबांची राख तापीत पडणार आणि तापी खाली समुद्राकडे जाते, वर विहिरीकडे जात नाही, हेही माहीत होतं. सगळंच माहीत होतं, नेहमीसारखं. मी धूत राहिलो. नाल्याकडे पांढरं पाणी वाहत होतं आणि ते संपतच नव्हतं. लोक कुजबुजायला लागले, कुणीतरी खांद्याला धरून मला उठवू लागलं. तेवढ्यात शोभा पदर खोचून बाहेर आली. समोर बसली, कापडाचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "आजून खळ निंघी ऱ्हायनी. जोरमा पिळा."

आम्ही दोघांनी दोन टोकांनी पीळ दिला, पुन्हा भिजवलं, पुन्हा पीळ दिला. स्वच्छ पाणी यायला लागलं तेव्हाच मी उठलो. कापड हातात मऊ पडलं होतं, जुन्या धोतरासारखं. टिचकी मारली तर वाजलं नाही. मग मी ते ओलंच आबांवर घातलं.